सरकीचं गाणं

चार हजार हर्ट्झच्या सुराला काचेपलीकडं कानाच्या तपासणीला बसलेल्या माणसानं बोट उचललं नाही. रुद्राणीनं आवाज पाच-पाचनं वाढवत नेला. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. साठाच्या पुढं कुणीही दचकतं, काही जण तर हेडफोन काढून हातात घेतात. हा माणूस डोळे मिटून शांत बसला होता. पंच्याऐंशीला त्याचं बोट मांडीवरून जरासं सुटलं आणि पुन्हा टेकलं. सूर खरंच येतोय की आल्याचा भास होतोय, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नसावं. मग त्यानं मान डावीकडं कलती केली, हनुवटी थोडी वर नेली, आणि रुद्राणीचा हात बटणावर तसाच राहिला. अशी मान करून ऐकणारा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता. केसपेपर टेबलावर पालथा पडला होता. तपासणी होईपर्यंत पेशंटचं नाव, वय, धंदा काही वाचायचं नाही, नाहीतर आपला हात नकळत आवाज वाढवतो, ही तिची परभणीच्या या दवाखान्यातली अकरा वर्षांची सवय. तिनं कागद उलटला. सिद्धोधन, वय एक्केचाळीस, मुक्काम पेडगाव. धंद्याच्या रकान्यात रिसेप्शनवरच्या मुलीनं लिहिलं होतं, डीजे.

तिनं तपासणी पूर्ण केली. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. खालचे सूर बरे होते, अडीचशेला, पाचशेला बोट झटकन वर जात होतं. हजारानंतर रेघ खाली वळली आणि दोन हजारांपाशी कड्यावरून पडावी तशी पडली. रोज असे दोन-तीन आलेख ती काढायची. गिरणीतले लोक, जनरेटरवरचे लोक, आणि अलीकडं स्पीकर-बॉक्सच्या भिंतींसमोर पंधरा-पंधरा वर्षं उभे राहिलेले हे लोक. अशा माणसाला ढोल ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो. स, श, त, क ऐकू येत नाहीत. त्याला हाक मारली तर त्याच्या नावातला पहिला स त्याच्यापर्यंत पोचत नसणार, एवढा एक विचार तिच्या मनात आला. तिनं खोलीचं दार उघडलं. सिद्धोधन बाहेर आला, तिच्याकडं पाहिलं, ओळखलं. मागं बाकावरून त्याची बायको उठली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, कसंय?"

पंधरा वर्षांत तिनं हा आवाज मनात पुष्कळदा ऐकला होता, पण त्यात मॅडम हा शब्द कधी नव्हता.

"वरचं गेलंय," ती तोंड त्याच्यासमोर धरून, सावकाश म्हणाली. "खालचं आहे."

"गेलेलं येतंय का माघारी?" बायकोनं विचारलं. ती प्रियांका. केस घट्ट बांधलेली, हातात कापडी पिशवी, बोलताना नवऱ्याच्या बाहीला धरून. "दोन सालापासून म्हनायलेय, दवाखान्यात चला. तर म्हंतेत, मला समदं ऐकू यायलंय, तूच हळू बोलतीस."

"माघारी येत नाही. मशीन लावता येईल. सरकारी योजनेतून मिळतं, मी अर्ज भरून देते."

"गाडी मात्र बंद करायची," हे वाक्य रुद्राणी रोज म्हणायची तसं म्हणाली. सिद्धोधन हसला. गाडी म्हणजे टेंपोवर बांधलेली बॉक्सची भिंत हे त्याला बरोबर कळलं होतं. "ती मागच्या सालीच इकली," तो म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं. मग बायको फॉर्मवर सही करत असताना त्यानं खाली वाकून, त्याच्या समजुतीनं हळू आवाजात, पण सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "ते गानं निघालं का कधी?"

आठ दिवसांपूर्वी तिला मेल आला होता. तिनं तो विद्यापीठात नोकरीला असलेल्या नवऱ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर मोबाइलमध्ये उघडला होता. शिवकांतनं विचारलं, "कुणाचाय?" ती म्हणाली, "कंपनीचा." मेल एस्टोनियातल्या मारित नावाच्या बाईचा होता. त्या बाईला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण पंधरा वर्षांपूर्वी दोघींची नावं एका यादीत होती. 'टर्माइट सीझन' नावाचा, सायकेडेलिक ट्रान्स या कॉम्प्युटरवर बनणाऱ्या नाचाच्या संगीताचा एक अल्बम निघणार होता. पोर्तुगालमधला दुआर्त नावाचा माणूस देशोदेशीचे नऊ कलाकार गोळा करत होता, प्रत्येकाचं एक गाणं. मुखपृष्ठ तयार झालं होतं. वारुळासारखा एक मनोरा आणि त्याच्या छिद्राछिद्रातून निळा उजेड. नऊ नावं इंटरनेटवर जाहीर झाली होती, सातवं नाव होतं 'सरकी'. सरकी म्हणजे सिद्धोधन आणि रुद्राणी. पुढं दुआर्तचे पैसे संपले की मन संपलं कुणास ठाऊक, अल्बम निघाला नाही. आता मारितनं लिहिलं होतं की दुआर्त गेल्या वर्षी वारला, त्याच्या घरातलं सगळं कुणीतरी भंगारात दिलं, आणि त्यात नऊच्या नऊ गाणीही गेली. पण आपण हा अल्बम काढायचाच. प्रत्येकानं आपापलं गाणं स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरमधून शोधून पाठवायचं. खाली तिनं बाकीच्यांची हकीकत दिली होती. इस्रायलमधल्या हैफाचा एक जण बस चालवतो. ब्राझीलमधल्या दोन भावांपैकी एक बुडून गेला, दुसरा त्या विषयावर बोलत नाही. जपानी मुलगी बौद्ध मठात आहे, तिनं गाणं पाठवलं आणि नाव काढून टाकायला सांगितलं. मारित स्वतः शाळेत स्वयंपाक करते. आठ गाणी मिळाली आहेत, फक्त सरकी उरले आहेत, तुम्ही अजून आहात ना?

तुम्ही अजून आहात ना, या प्रश्नाला आठ दिवस ती उत्तर देऊ शकली नव्हती. व्हरांड्यात ती सिद्धोधनला म्हणाली, "निघणार आहे." त्याला ओठांवरून ते कळलं. त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते पाहून तिला तिथून पळून जावंसं वाटलं, पण पुढच्या पेशंटचं नाव पुकारून झालं होतं.

पुण्यात ती ऑडिऑलॉजी शिकत होती आणि सिद्धोधन डेक्कनच्या एका गल्लीत स्पीकर दुरुस्त करायचा. ओळख परभणीच्या बसमध्ये झाली. तिच्या मांडीवरच्या पुस्तकातला कानाचा आडवा छेद पाहून त्यानं विचारलं होतं, हे गोगलगायीसारखं काय हाय? तो एक हिवाळा गोव्यात साउंडवाल्यांकडं बॉक्स उचलायला गेला होता आणि तिथं सकाळच्या उन्हात त्यानं हे संगीत पहिल्यांदा ऐकलं होतं. मिनिटाला एकशे पंचेचाळीस ठोके, थांबत नाहीत, आणि त्यांच्यावरून कीटकांसारखे आवाज सरपटत जातात. "आपल्या जिनिंगवानी वाजतंय ते," तो म्हणायचा. ती वालूरची. सेलूच्या जिनिंगमध्ये कापूस घेऊन तिचे वडील, अप्पा, जायचे तेव्हा लहानपणी ती गाडीवर बसून गेलेली, त्यामुळं तो काय म्हणतोय ते तिला लगेच कळलं. दात फिरतात, कापूस वर उडतो आणि खाली सरकी पडत राहते, पडत राहते. रविवारी दुपारी त्याच्या खोलीवर, पत्र्याखाली, घामानं निथळत दोघं कॉम्प्युटरसमोर बसायचे. ठोका आणि बास त्याचे. वरचं सगळं तिचं. सुट्टीत गावाकडं गेली की ती छोटा रेकॉर्डर घेऊन हिंडायची. जिनिंगचा आवाज तिनं आणला. वालूरच्या बारवेत उतरून, सर्वांत खालच्या पायरीवर उभं राहून तिनं एक टाळी वाजवली, आणि ती टाळी त्या गोल पायऱ्यांवरून फिरत-फिरत वर गेली, तीही तिनं पकडून आणली. आणि आईचा आवाज. सकाळी हातावर लिंग घेऊन पूजेला बसलेली बसम्मा शेवटी डोळे मिटून नुसता एक हुंकार लांबवायची, शब्द नसलेला. तो पडद्याआडून घेतलेला. गाण्याच्या मधोमध ठोका थांबायचा, सोळा मात्रा काहीच नाही, फक्त तो हुंकार. सिद्धोधननं तो पहिल्यांदा जागेवर बसवला तेव्हा मान डावीकडं कलती करून, डोळे मिटून कितीतरी वेळ बसला होता आणि मग म्हणाला होता, "इथं मानूस उभं ऱ्हाईल बग. नाचनारं मानूस मदीच उभं ऱ्हाईल."

दोघंही असल्या नाचाला पुढं कधी गेले नाहीत. ज्यांच्यासाठी गाणं केलं ते लोक कसे दिसतात हे तिला माहीत नव्हतं. गाणं पाठवलं, दुआर्तचं उत्तर आलं, यादी जाहीर झाली. त्याच आठवड्यात अप्पा पुण्याला आले होते. तिनं जेवताना सहज सांगितलं, एका मित्राबरोबर गाणं केलंय, परदेशात निघणार आहे. ईश्वरअप्पांनी विचारलं, "नाव काय म्हनलीस पोराचं?" तिनं नाव सांगितलं. अप्पांनी घास तोंडात घातला, चावला, पाणी प्याले. पुढं ताट संपेपर्यंत काही बोलले नाहीत. रागावले नाहीत, नको म्हणाले नाहीत, आडनाव विचारलं नाही. सिद्धोधन हे नाव कोणत्या घरातलं असतं हे त्यांना विचारायची गरज नव्हती. रुद्राणीला पुढं अनेकदा वाटलं की त्यांनी हात उचलला असता तर बरं झालं असतं, मग आपण कदाचित उभ्या राहिलो असतो. त्या गप्प बसण्यापुढं ती आपणहून वाकली. परीक्षा झाली, ती वालूरला गेली, शिवकांतचं स्थळ आलं, तिनं हो म्हटलं. लग्नाच्या आधीच्या सोमवारी, सामान भरताना, तिच्या हातात ती हार्ड डिस्क आली. तयार गाणं तिच्यात होतं, जिनिंग होतं, बारव होती, आई होती. तिनं ती भावाच्या कॉम्प्युटरला जोडली आणि सगळं पुसून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. पुसायचं का, असं कॉम्प्युटरनं एकदा विचारलं, तिनं हो दाबलं, आणि एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडं भरत गेली. अंगणात लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवत आईनं हाक मारली, झालं का गं? झालं, ती म्हणाली. बसम्मा त्यानंतर तीन वर्षांनी गेली. तेव्हा कुठं तिला आठवलं की त्या पट्टीत आपण काय काय भरून टाकलं होतं.

पेडगावला ती रविवारी सकाळी स्कूटीवरून गेली. सिद्धोधननं दवाखान्यातच सांगितलं होतं की त्याचा जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे. तिला ठाऊक होतं की त्यात तयार गाणं नसणार. तयार गाणं तिच्याकडं होतं, त्याच्याकडं फक्त मांडणी आणि ठोका-बास होते. पण कदाचित, असं ती रस्ताभर म्हणत राहिली. कदाचित त्यानं कधीतरी आवाजांची एक प्रत ठेवून घेतली असेल. ऊन डोक्यावर चढत होतं, दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली काळी रानं, आणि हेल्मेटच्या आत तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. पत्र्याच्या घरासमोर प्रियांका उभी होती. "या ताई," ती म्हणाली. दवाखान्यातली मॅडम घरी आल्यावर ताई झाली होती. आत कॉम्प्युटर एका धुतलेल्या चादरीत गुंडाळून ठेवला होता. प्रियांकानं चादर सोडताना सांगितलं, "दर साली पुसून पुन्ना बांधून ठेवतेत. पोरांना हात लावू देत न्हाईत. लगीन झालं तवापासून ऐकायलेय मी त्या गान्याचं. म्हंतेत, माज्या हातून एकच काम झालं, बाकी समदं दुसऱ्याच्या वरातीत गेलं." सिद्धोधन खाली बसून वायर जोडत होता. त्याला यातलं काही ऐकू आलं नाही.

कॉम्प्युटर सुरू व्हायला खूप वेळ लागला. मग ती जुनी खिडकी उघडली, पडद्यावर रंगीत पट्ट्या एकाखाली एक आल्या, आणि त्यांच्यावर एक पाटी आली. सत्तावीस फायली सापडत नाहीत. खाली यादी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तिच्या हार्ड डिस्कचं नाव होतं, जे तिनंच दिलं होतं, रुद्रा. रुद्रा, जिनिंग एक. रुद्रा, जिनिंग दोन. रुद्रा, बारव. रुद्रा, आई. सिद्धोधन चष्मा शोधत होता. तो त्याला मिळेपर्यंत तिनं पाटी बंद केली. आपण हे का केलं ते तिला त्या क्षणी कळलं नाही. नंतरही कळलं नाही. तो परत येऊन स्पीकरसमोर, अगदी एका हातावर, पाट ओढून बसला आणि म्हणाला, "लाव."

आताही सांगता आलं असतं. सिद्धोधन, हे रिकामं आहे, वरचं सगळं मी पुसलं. एवढंच तर म्हणायचं होतं, आणि तेही मोठ्यानं, तोंड त्याच्यासमोर धरून, प्रियांकासमोर, दारात येऊन उभ्या राहिलेल्या शेजारणीसमोर. तिनं बटण दाबलं. ठोका सुरू झाला. धब, धब, धब, धब, आणि ठोक्यांच्या मधून पळणारा त्याचा बास. आठव्या ओळीला जिनिंग सुरू व्हायचं होतं, झालं नाही. पत्र्यावर चिमण्या होत्या, त्या ऐकू येत होत्या. सिद्धोधननं मान कलती केली, हनुवटी वर नेली. "आलं जिनिंग," तो म्हणाला. त्याचा हात हवेत सरकीसारखा बारीक-बारीक पडत होता. तिला वाटलं, हा आपली थट्टा करतोय. मग तिला कळलं. खरं गाणं असतं तरी त्याला यापेक्षा एक कणही जास्त ऐकू आलं नसतं. जे ऐकू येतं तेवढं तिथं होतं, आणि जे येत नाही ते त्याला पाठ होतं. "आता बारव," तो म्हणाला. टाळी कुठंच वाजली नाही, आणि त्याची बुबुळं मिटलेल्या पापण्यांच्या आत गोल फिरत वर गेली. मग मध्य आला. ठोका थांबला. सोळा मात्रा. खोलीत पंख्याचा आवाज, बाहेर कुणाची तरी बादली. त्याच्या चेहऱ्यावरून सगळं काही निघून गेलं आणि तो नुसता ऐकत राहिला, बसम्माचा हुंकार, तिची आई, जी आता या एका माणसाच्या डोक्यात तेवढी होती आणि तिथून बाहेर काढायचा कुठलाच मार्ग नव्हता. रुद्राणीनंही कान लावले. तिला पंखा ऐकू आला. बरोबर सतराव्या मात्रेला त्यानं मान हलवली आणि ठोका परत सुरू झाला. त्याच्या गालांवरून पाणी येत होतं.

"काई बदलू नगं," गाणं संपल्यावर तो म्हणाला. "हाय तसंच दे धाडून."

प्रियांका तिला सोडायला रस्त्यापर्यंत आली. स्कूटीपाशी आल्यावर म्हणाली, "ताई, खरं सांगा. एवढंच व्हतं का ते?"

"नाही. खूप होतं."

"मदी तर काईच वाजलं न्हाई. मी बगायलेय, मशीन बंद पडलं म्हनून. अन हे रडायलेत."

"मधलं माझ्याकडं होतं."

"मग आना की."

"मी पुसलं. लग्नाच्या आधी."

पंधरा वर्षांत हे ती पहिल्यांदा कुणाला सांगत होती, आणि ते इतकं सोपं निघालं याची तिला लाज वाटली. प्रियांकानं तिच्याकडं पाहिलं. तिनं का म्हणून विचारलं नाही. त्या दोघांत काय होतं हे तिला कुणी सांगितलं नसावं आणि सांगायची गरजही नसावी. "त्यांना सांगू नगा," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ दुसरं काई न्हाई." मग वळून गेली.

सोमवारी तिनं मारितला लिहिलं, सरकीचं गाणं मिळालं नाही, मिळणार नाही, आम्हाला सोडून द्या. मारितचं उत्तर तासाभरात आलं. वाईट वाटलं, मग आठांचाच करते. त्या मेलमध्ये पुन्हा काही प्रश्न नव्हता. पाच आठवड्यांनी अल्बम इंटरनेटवर आला, तोच मनोरा, तोच निळा उजेड, आठ नावं. तिनं एकेक गाणं दवाखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, तपासणीच्या त्याच फोम लावलेल्या खोलीत बसून ऐकलं. चांगली होती. सातव्या नंबरला आता मारितचं होतं.

मशीन घ्यायला सिद्धोधन आणि प्रियांका आले तो मंगळवार होता. रुद्राणीनं त्याच्या आलेखाप्रमाणं मशीन जुळवलं, वरचे सूर जेवढे वाढवता येतील तेवढे वाढवले, आणि त्याच्या दोन्ही कानांत एकेक बसवलं. तिला ठाऊक होतं की कानाच्या मेलेल्या भागात मशीन फारसं काही करत नाही, पण सिद्धोधनचा डावा कान अगदीच गेलेला नव्हता. तिनं समोर कागद चुरगळला. तो दचकून मागं सरला. "हे काय वाजलं?"

"कागद."

"कागद एवढा वाजतोय?" त्यानं कागद मागून घेतला, चुरगळला, पुन्हा सरळ केला, पुन्हा चुरगळला. प्रियांका त्याच्या मागून हळूच म्हणाली, "अवो." तो वळला. पाठमोरा असताना, ओठ न पाहता वळला. प्रियांकानं तोंडावर पदर धरला. गेल्या दोन महिन्यांत रुद्राणीला पहिल्यांदा मोकळा श्वास आला. मग सिद्धोधन खुर्ची पुढं ओढून तिला म्हणाला, "गानं निघालं का?"

तिनं प्रियांकाकडं पाहिलं. प्रियांका खिडकीकडं पाहत होती.

"निघालं," रुद्राणी म्हणाली.

"मग ऐकीव की. आता मशीन हाय. सातवं लाव." टेबलावरच्या कॉम्प्युटरकडं तो बोट दाखवत होता. इंटरनेट नाही म्हणता आलं असतं, साहेब रागावतात म्हणता आलं असतं. तिच्या मनात आलं, ठोका तोच आहे, एकशे पंचेचाळीस, त्याला पेडगावात काही कळलं नाही, इथंही कळणार नाही. तिनं पान उघडलं आणि सातवं लावलं. मारितचं गाणं सुरू झालं. थंड, स्वच्छ, काचेवरून पाणी ओघळावं तसे वरचे आवाज. सिद्धोधननं डोळे मिटले, मान कलती केली. एक मिनिट गेलं. जिनिंगची जागा आली आणि गेली. त्याचं कपाळ आखडत गेलं. बारवेची जागा आली, तिथं दुसरंच काहीतरी वाजलं, आणि ते त्याला ऐकू आलं. तो थांबून राहिला. मध्य येईपर्यंत थांबला. मधे ठोका थांबलाच नाही.

त्यानं डोळे उघडले. रुद्राणीला वाटलं, आता विचारेल. तिनं उत्तर तयार ठेवलं, खरंखुरं, सगळं. त्यानं हात वर नेला आणि कानातून मशीन काढलं. मग दुसरं काढलं. दोन्ही तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"ह्याच्यात खोट हाय," तो म्हणाला. "येगळंच कायतरी ऐकू यायलंय."

"मशीन चांगलं आहे," ती म्हणाली. "सिद्धोधन, मशीन चांगलं आहे. ऐक—"

पण मशीन त्याच्या हातात होतं आणि तो तिच्या ओठांकडं पाहत नव्हता. त्यानं दोन्ही मशीन डबीत ठेवली, झाकण लावलं, डबी टेबलावर तिच्या बाजूला सरकवली. "न्हाई मॅडम. मला ते घरी बरोबर ऐकू आलं व्हतं. ह्यानं समदं बिघडायलंय." तो उठला. प्रियांका जागच्या जागी उभी होती. तिनं डबीकडं पाहिलं, मग रुद्राणीकडं, आणि पिशवी उचलून त्याच्या मागं गेली. व्हरांड्यातून तिचा आवाज आला, "अवो, थांबा, अवो." तो चालतच राहिला.

रिसेप्शनवरच्या मुलीनं आत डोकावून विचारलं, "मॅडम, पुढचं पाठवू?"

"पाठव," रुद्राणी म्हणाली, आणि केसपेपर न वाचता पालथा ठेवून घेतला.